मुक्या जनावरांच्या वंशाची जबाबदारी

माघ महिन्यातील एका सकाळी यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना, कापूस वेचून मोकळ्या झालेल्या एका शेतात धनगरांचा तळ पडलेला आमच्या दृष्टीस आला. खतासाठी शेतात मेंढ्या बसवून घेण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. कळपातील एक मेंढी मागल्या पायाने लंगडत होती. जवळ जाऊन पाहतो तो तिची अर्धी कास दगडासारखी घट्ट झालेली. कोकरू तोंड लावू पाही आणि ती त्यास दूर सारी. म्हातारा धनगर म्हणाला, "दगडी झाली जी." हिचा नर वंशासाठी ठेवाल काय, असे आम्ही विचारले. "नाही जी, हिच्या मायलेबी हेच झालतं." मग हिला विकून का टाकीत नाही? त्यावर तो म्हणाला, "इले कायले विकू जी? तिनं का मांगून घेतलं?"

या दोन उत्तरांत विसंगती आहे, असे आम्हांस प्रथम वाटले. अधिक विचार करता, एका मोठ्या नैतिक प्रश्नाचे उत्तरच त्यांत सामावले आहे अशी आमची खात्री झाली.

दगडी, म्हणजे कासेचा दाह, हा सूक्ष्म जंतूंमुळे होतो. तथापि एकाच गोठ्यात, एकाच हाताखाली असलेल्या दोन मेंढ्यांपैकी एकीस तो होतो व दुसरीस होत नाही. या भेदाचा काही अंश रक्तातून येतो. दाह झाला म्हणजे दुधातील पेशींची संख्या वाढते. दुभत्या मेंढ्यांत या संख्येतील फरकांपैकी साधारणतः 10 ते 20 टक्के भाग आनुवंशिक असतो, असे दिसून आले आहे. हा वाटा लहान खरा, पण तो पिढ्यानुपिढ्या साचत जातो. नॉर्वेतील पशुपालकांनी 1978 पासून वळू निवडताना त्यांच्या लेकींच्या कासेच्या आरोग्याचाही हिशेब धरला, आणि तो व्यर्थ गेला नाही.

मग केवळ दूध पाहून निवड केल्यास काय बिघडते? याचे उत्तर फ्रान्समधील लाकोन जातीच्या मेंढ्यांनी दिले आहे. रोकफोर नावाचे प्रसिद्ध चीज यांच्याच दुधाचे होते. 2015 साली तेथील संशोधकांनी या मेंढ्यांत एक आनुवंशिक बदल शोधून काढला. ज्या मेंढीत तो असतो तिचा देह मोठा, दूध अधिक आणि कासेचा दाहही अधिक. म्हणजे माणूस दूध निवडीत होता, आणि त्याच हाताने, नकळत, वेदनाही निवडीत होता.

आपल्या महाराष्ट्रातही हा प्रश्न परका नाही. 1968 साली श्री. बनबिहारी निंबकर यांनी फलटण येथे स्थापन केलेल्या संशोधन संस्थेने, बंगालमधील सुंदरबनाच्या गरोल मेंढीतील जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी सिद्ध केली. धनगराच्या पदरी एकाऐवजी दोन कोकरे पडावीत, हा हेतू निःसंशय स्तुत्य होय. परंतु दोन कोकरांचा भार अखेर एकाच कासेवर पडतो. म्हणून अशा कार्यात कोकरांबरोबर कासही मोजणे हे केवळ शहाणपण नव्हे, तर कर्तव्य ठरते.

कोणी म्हणेल, रोग हा दैवाचा खेळ. त्याचा दोष माणसाकडे कसा? जेथे निवड नव्हती तेथे हे म्हणणे शोभले असते. परंतु कोणता नर कळपात राहील हे ज्या क्षणी माणूस ठरवितो, त्या क्षणी पुढल्या पिढीच्या दुःखाचा काही वाटा त्याच्या खाती जमा होतो. उलट, सर्वच दोष रक्तावर ढकलणे हाही अप्रामाणिकपणाच. बाकीचा फार मोठा भाग ओली बसण्याची जागा, अस्वच्छ हात आणि उशिरा झालेला उपचार यांचा आहे. चांगला वंश मिळाला म्हणून मालकास निष्काळजी होण्याची सवलत मिळत नाही.

कोणी असेही विचारील, की वंशशुद्धीचे हेच तत्त्व उद्या माणसास लावाल काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. गेल्या शतकात तसे प्रयत्न झाले व त्यांतून अनर्थच ओढवला. मेंढीचा जोडीदार आपण निवडतो, म्हणूनच आपण तिला उत्तरदायी आहोत. माणसाच्या बाबतीत तो अधिकारच कोणास नाही.

आता त्या धनगराची दोन उत्तरे पुन्हा पाहावीत. जी जन्मास आली आहे तिच्या बाबतीत दया. जी अद्याप जन्मास यावयाची आहे तिच्या बाबतीत विवेक. आजारी मेंढीस टाकून देणे ही निष्ठुरता, आणि तिच्या नरापासून वंश वाढविणे ही दयेच्या नावाखाली पुढे ढकललेली निष्ठुरताच होय. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या म्हाताऱ्याने हा भेद ओळखला होता. आपल्या चहात रोज दूध घालणाऱ्या आपण सुशिक्षितांनी तो ओळखावयास काय हरकत आहे?