काळ सोकावतो

धनत्रयोदशीच्या सांजेला आपण धन्वंतरीची पूजा करतो, आणि दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवाही लावतो. वैद्याची कृपा असावी आणि अकाली मरण टळावे, अशा दोन्ही प्रार्थना एकाच संध्याकाळी! परंतु ज्याच्या हाती जीव सोपवला त्याच्याच हयगयीने आपले माणूस गेले, तर काय करावे? सणासुदीला हा विषय कशाला, असे वाचक म्हणतील. पण सणालाच सारे घर एकत्र जेवायला बसते आणि पंगतीतली रिकामी जागा डोळ्यांत भरते.

अशा वेळी बहुतेक घरे गप्प राहतात. ‘त्याचे आयुष्यच तेवढे होते’, ‘गेलेला का परत येणार आहे?’, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’, असे भेटायला आलेली चार माणसे सांगतात आणि आपण मान हलवतो. आमच्या ईटसारख्या गावात या मौनाला आणखी एक कारण असते. दुखणे वाढले की इथल्या माणसाने भूम गाठायचे, बार्शी गाठायची, नाहीतर थेट धाराशिव किंवा सोलापूर. आज ज्यांच्याविरुद्ध अर्ज द्यायचा, त्यांच्याच दारात उद्या सुनेच्या बाळंतपणाला उभे राहायचे असते. या मौनाला कोणी क्षमा म्हणू नये. जाब विचारण्याची ताकद असून जो विचारीत नाही, तोच क्षमा करतो. बाकीचे नुसते सोसतात.

एका आईबापांनी मात्र जाब विचारला. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर त्यांच्या आनंद नावाच्या, विशीतल्या मुलाच्या मांडीचे हाड मोडले. ९ मे रोजी सुमारे २०० मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याच्या इस्पितळात आणले. तिथे पुरती भूल न देता, जोर लावून पाय ओढून हाड बसवण्यात आले. संध्याकाळी त्याला श्वास घेणे जड जाते आहे, हे आईच्या लक्षात आले. त्याच रात्री तो गेला. रक्तात चरबी अडकल्याने मृत्यू आला, असे डॉक्टरांनी लिहून दिले. वडील त्र्यंबक गोडबोले स्वतः दौंडला डॉक्टर. त्यांना ते पटले नाही. २५,००० रुपयांचा दावा लावला. न्यायालयाने हयगय मान्य केली, भरपाई ठरवली ३,००० रुपये. उच्च न्यायालयाने तेच कायम केले आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे अपील फेटाळले.

पंधरा वर्षे आणि तीन हजार रुपये! व्यवहार म्हणून पाहिले तर हा आतबट्ट्याचाच. परंतु त्या निकालात एक गोष्ट कायमची लिहिली गेली: रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, उपचार कोणता करावा हे ठरवताना आणि तो प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही ठिकाणी काळजी घेणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे. पुढे कितीतरी अनोळखी घरांना या निकालाचा आधार मिळाला. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपण म्हणतो. दुःख नाही, हे कधीच खरे नसते. पण काळ सोकावतो, हे मात्र खरे. तक्रार गेलेल्या माणसासाठी नसतेच. त्याच खाटेवर उद्या जो निजणार आहे, त्याच्यासाठी ती असते.

गोडबोले स्वतः डॉक्टर होते, म्हणून त्यांना कळले. अडाण्याने काय करावे? २००२ च्या नियमांनुसार मागितल्यावर ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रे द्यावी लागतात. ती आधी मागावीत. कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावीत. पैसे घेणारे इस्पितळ १९९५ च्या निकालापासून ग्राहक कायद्यात येते. तिथे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. जिथे साऱ्यांवरच फुकट उपचार होतात, तो सरकारी दवाखाना त्यात येत नाही. तिथे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज करावा.

मात्र तक्रार म्हणजे सूड नव्हे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले. पाहणाऱ्यांचा राग शमला असेल. औषधाची एक बाटली तरी वाढली का? मुंबई उच्च न्यायालयाने मात्र आपणहून दखल घेऊन रिकाम्या जागांचा आणि खर्चाचा हिशेब मागितला. तक्रार म्हणावी ती याला. शिवाय प्रत्येक मरणाला कोणी दोषी असतोच असे नाही. हरलेला डॉक्टर आणि हयगय करणारा डॉक्टर यांत फरक न करणे हाही अन्यायच.

आम्ही मास्तर मंडळी वर्गात तक्रारपत्र शिकवतो; विषय बहुधा नळाचा किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा. तोच धडा इथेही चालतो. विशेषणे गाळावीत, वेळ लिहावी. किती वाजता आणले, कोणी तपासले, कोणते औषध दिले, हाक मारल्यावर किती वेळाने कोण आले, एवढे लिहावे. ‘खुनी’, ‘कसाई’ हे शब्द मनातच ठेवावेत. डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाने धरलेले, यांची सरमिसळ होऊ देऊ नये. असा कागद खाली सही करणाऱ्याला लाजवीत नाही, आणि वाचणाऱ्याला तो सहजासहजी बाजूला सारता येत नाही.