चकवा आणि कपट

कळव्याहून मुंबईकडे जाणाऱ्या धिम्या गाडींत वर्तमानपत्राची घडी गुडघ्यावर ठेवून शब्दकोडें सोडविणारा मनुष्य अजूनहि दृष्टीस पडतो. अशा मनुष्याविषयीं आमचें मत चांगलें आहे. परंतु कोडें घालणारा त्याला फसवूं पाहतो, आणि फसविला गेल्यावर हा प्रसन्न होतो. व्यवहारांत एरव्हीं असें घडत नाहीं. मग हें फसविणें निराळें कोणत्या अर्थानें?

उदाहरण जवळचेंच घेऊं. ‘वाकळ विस्कटली, तरी खाडीपलीकडचें गांव सांपडलें’ एवढी सूचना, आणि भरावयाचीं घरें तीन. वाचक आधीं गोधडीच्या मागें लागतो. त्यानें तसें लागावें हीच घालणाराची इच्छा. मग ध्यानांत येतें कीं, विस्कटावयाची ती वस्तु नव्हे, शब्द. अक्षरांची जागा बदलली कीं ‘कळवा’ होतो, आणि ठाणेकरास तें गांव खाडीपलीकडेच आहे. सूचनेनें चकविलें खरें, पण तींत असत्य कांहीं नव्हतें. (आपल्या लिपींत घरांत सुटा वर्ण नव्हे, अख्खें अक्षर बसतें, त्यामुळें असे योग इंग्रजीच्या मानानें विरळाच.)

इंग्रजांनीं हा खेळ फार पुढें नेला. ‘लिसनर’ नियतकालिकांत १९३० सालीं सुरू झालेलें आणि तें १९९१ सालीं बंद पडल्यावर ‘टाइम्स’ पत्रानें चालू ठेवलेलें कोडें एखाद्या गुप्त विषयाभोवतीं रचलेलें असतें. कांहीं उत्तरें जशींच्या तशीं बसतच नाहींत. कोठें अक्षर गाळावें लागतें, कोठें बदलावें लागतें, आणि कां, तें विषय उमगल्यावरच कळतें. आमच्या वाचकांस हें परकें वाटूं नये. मोरोपंतांच्या निरोष्ठ रामायणांत ओष्ठ्य वर्ण एकहि नाहीं. म्हणजे रामायण असून त्यांत ‘राम’ हा शब्दच येऊं शकत नाहीं! पंतांनीं नांवांतच गुपित फोडलें नसतें, तर किती वाचकांस तें उमगलें असतें याची शंकाच आहे.

याउलट बक्षिसांचीं शब्दकोडीं. त्यांचा मासला मराठींत असा होईल: ‘अति — बरा नव्हे.’ येथें ‘राग’ कीं ‘लोभ’? दोन्ही बसतात, दोन्ही खरे. परंतु बरोबर तोच, जो आधींच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तरांत असेल. दिसावयास हें कोडें पहिल्यापेक्षां कितीतरी सोपें. प्रवेशफी भरून लोकांनीं अशीं कोडीं भरलीं. १९५५ सालीं महिन्यास हजार रुपयांवरील बक्षिसांस केंद्रीय कायद्यानें बंदी आली, आणि बंगळूरहून चालणाऱ्या चमारबागवाला यांच्या शब्दकोड्यांस सर्वोच्च न्यायालयानें १९५७ सालीं जुगार ठरविलें. आमच्या मतें पैसा बुडाला हें त्यांतलें लहान नुकसान होय. विचार करून कांहीं साधत नाहीं, हें भल्या घरांतील मुलें त्या कोड्यांवरून शिकलीं असतील, तें मोठें.

‘कळवा’ सुचल्यावर कोणाची मोहोर फोडावी लागत नाहीं. उत्तर स्वतःच स्वतःची साक्ष देतें. ‘लोभ’ लिहिणारास मात्र निकालाची वाट पाहावी लागते. तोच भेद परीक्षेच्या दालनांतहि आहे. कवितेच्या एका ओळीचे दोन अर्थ संभवत असतां विद्यार्थी विचारतो, ‘सर, यांतला कोणता लिहूं?’ त्या वेळीं त्याची नजर कवितेवर नसते; आमच्या तोंडाकडे असते.