भिंतीआड ठेवलेली रिळे

सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने काबूल ताब्यात घेतले आणि चित्रपटांवर बंदी आली. सजीवांच्या प्रतिमा घडवू नयेत, हा तिचा धार्मिक आधार. कुराणात असा स्पष्ट निषेध नाही. तो हदीसमधून काढला जातो आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्राला लागू होतो का, यावर मुस्लिम विद्वानांतही एकमत नाही.

देशाचा चित्रपटसंग्रह १९६८ साली स्थापन झालेल्या ‘अफगाण फिल्म’ या सरकारी संस्थेकडे होता. तो जाळला जाणार हे दिसू लागल्यावर तिथल्या कर्मचाऱ्यांनी अफगाण चित्रपटांच्या निगेटिव्ह एका खोलीत रचल्या आणि ती खोली बाहेरून भिंतच वाटेल अशी बंद केली. आगीच्या हवाली झाल्या त्या मुख्यतः परदेशी चित्रपटांच्या प्रती.

ही उघड फसवणूक होती. ती धर्म्य ठरते का? महाभारताच्या कर्णपर्वातला कौशिक सत्याचे व्रत पाळतो, दरोडेखोरांना लपलेल्या माणसांचा पत्ता खरा सांगतो आणि नरकात जातो. कांटने १७९७ च्या निबंधात उलट बाजू घेतली: मित्राच्या मागावर आलेल्या मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये. कौशिकाच्या कथेची बाजू कितीतरी अधिक माणुसकीची आहे. पण दोन्हीकडे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे. काबूलमध्ये रिळांसाठी जीव धोक्यात घातले गेले, आणि खरी अडचण इथेच आहे.

तिचे उत्तर त्या कर्मचाऱ्यांच्या धर्मातच सापडते. ज्याची ठेव त्याला परत करा, ही कुराणाच्या चौथ्या सूरेतली आज्ञा आहे. संग्रह ही पुढच्या पिढ्यांची ठेव मानली, तर ती जाळायला देणे हाच विश्वासघात ठरतो. ठेव राखणाऱ्याला तिच्यातले बरेवाईट निवडण्याचा हक्कही नसतो. म्हणूनच कम्युनिस्ट राजवटीत अर्धवट राहिलेल्या पाच कथापटांचे टिकणे मोलाचे आहे. मरियम घनी यांनी २०१९ मध्ये त्यांवर माहितीपट केला.

जळालेल्या प्रतींचा हिशेब मात्र उरतो. त्याही ठेवच होत्या, कुणीतरी जपून ठेवलेल्या. परंतु प्रत पुन्हा काढता येते, कारण तिची निगेटिव्ह दुसऱ्या देशात असते. अफगाण निगेटिव्ह गेली की चित्रपटच गेला. शिवाय जाळायला आलेल्यांना काहीतरी जळताना दिसले नसते, तर त्यांनी शोध थांबवला नसता.