बंदुकीचें बंदूकपण

भिक्षु नागसेनानें मिलिंद राजास विचारलें कीं, महाराज ज्या रथांतून आले तो रथ कोणता? चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, आणि या सर्वांची बेरीजही रथ नव्हे. 'मिलिंदप्रश्नां'तील हा संवाद आपल्याकडे बहुधा वैराग्याच्या अंगानें वाचला जातो. परंतु आजच्या शस्त्रागारांत तोच प्रश्न अगदीं व्यवहाराच्या वेषांत उभा राहिला आहे.

अमेरिकेंत घरोघर आढळणारी एआर-१५ ही रायफल घ्या. दोन खिळी ढकलल्या कीं तिचे दोन तुकडे होतात. खालच्या तुकड्यांत चाप व घोडा, वरच्यांत नळी व बोल्ट. वरचा तुकडा काढून दुसरा बसविला कीं नळीचा व्यास बदलतो, काडतूस बदलतें, गोळीचा पल्ला आणि तिनें होणारी जखमही बदलते. रथाचें चाक बदललें तरी रथ रथाचेंच काम करतो. येथें भागाबरोबर कामही पालटतें. तरीसुद्धां कागदोपत्रीं बंदूक एकच! कारण १९६८ च्या अमेरिकन कायद्यानें 'रिसीव्हर' हा सांगाडाच बंदूक मानला असून क्रमांक त्यावर असतो. नुसती नळी विकत घेणें हें त्या कायद्याच्या दृष्टीनें बंदूक विकत घेणें नव्हे. गंमत अशी कीं, जुन्या नियमाप्रमाणें त्या सांगाड्यांत घोडा, बोल्ट व चापाची यंत्रणा हीं सर्व सामावलीं पाहिजेत, आणि एआर-१५ च्या कोणत्याही एका तुकड्यांत तीं एकत्र नाहींत. शेवटीं २०२२ मध्यें व्याख्याच नवी करावी लागली. नागसेनास हंसूं आलें असतें.

परंतु हा केवळ शब्दच्छल नाहीं. नळीच्या आंतील पिळदार खाचांचे ओरखडे गोळीवर उमटतात, आणि गोळी कोणत्या बंदुकींतून सुटली हें तज्ज्ञ त्यांवरून ताडतात. म्हणजे साक्ष देणारा भाग एक, आणि नांव धारण करणारा दुसरा. जर्मन कायद्यानें नळीस व बोल्टास स्वतंत्रपणें शस्त्राचा दर्जा दिला आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यांत तर 'शस्त्र' या शब्दांत सुटे भागही येतात. व्यापाऱ्यास हें जाचक वाटेल. मला तें अधिक प्रामाणिक वाटतें. वस्तूचें सत्त्व तिच्या एका अवयवांत कोंडून ठेवलें कीं बाकीचे अवयव बेवारशी होतात, आणि बेवारशी अवयवांनीं केलेल्या कर्माचा धनी शोधणें अवघड जातें.

याहून नाजूक गोष्ट आपल्या लष्कराच्या मागणींत दडलेली होती. २०११ साली लष्करानें बदलत्या नळीच्या रायफलींसाठीं निविदा मागविल्या. परकीय सैन्याशीं युद्ध असेल तर ५.५६ मिलिमीटरची नळी, आणि बंडखोरांशीं गांठ असेल तर ७.६२ ची, अशी ती योजना होती. पुणें येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेनेंही तीन व्यासांची एक रायफल घडविली. २०१५ मध्यें त्या निविदा रद्द झाल्या, हा भाग वेगळा. युद्धशास्त्राच्या दृष्टीनें त्या योजनेस सबळ कारणें असतील, आणि तीं तपासण्याचा माझा अधिकार नाहीं. पण समोरचा मनुष्य कोण, यावरून त्याच्यासाठीं कोणती गोळी, हा निवाडा तींत झालेला होता, एवढें तर उघड आहे. पूर्वीं असा भेद करावयाचा तर दोन निराळ्या बंदुका बाळगाव्या लागत, आणि तो भेद चारचौघांच्या डोळ्यांस दिसे. आतां तो पडशींतल्या एका नळींत मावतो. निवाडा करणें सोपें झालें, याची मला फारशी भीति वाटत नाहीं. तो केला गेला हेंच दिसेनासें होतें, याची वाटते.

शस्त्रागाराच्या वहींत रायफलीचा क्रमांक लिहिला जातो. त्या दिवशीं तिला कोणती नळी होती आणि ती कोणाच्या हुकुमानें बसविली, हें त्याच ओळींत लिहावयास अशी कितीशी शाई लागणार आहे?