संतांकडे मागणे आणि संतांमागे जाणे

काही वर्षांपूर्वी हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूर येथे एका स्नेह्यांच्या घरी आमचा दोन दिवस मुक्काम होता. बैठकीच्या भिंतीवर पादुआच्या संत अंतोनींची तसबीर होती. अंगात तपकिरी झगा, एका हातात लिलीची फुले आणि कडेवर बाळ येशू. संध्याकाळी शेजारचे एक वृद्ध माळकरी शेतकरी गप्पा मारायला आले. पाणी पिऊन तांब्या खाली ठेवताना त्यांचे लक्ष तसबिरीकडे गेले. "हे कोण म्हणायचे, सर?" त्यांनी आमच्या यजमानांना विचारले. "आमचे संत आहेत. हरवलेली वस्तू मिळवून देतात," यजमान म्हणाले. आजोबांनी आदराने हात जोडले आणि मग सहज विचारले, "ते झालं. पण बाबांनी केलं काय?"

यजमान आमच्याकडे पाहू लागले आणि आम्ही तसबिरीकडे. आजोबांच्या प्रश्नात कुत्सितपणा मुळीच नव्हता. ते ज्या परंपरेत वाढले, तिच्यात हा प्रश्न अगदी साधा आहे. नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नरसी त्यांच्याच जिल्ह्यात. नामदेव शिंप्याच्या घरचे, गोरोबा मडकी घडवीत, सावता महाराज मळ्यात राबत, हे त्यांना घरच्या चुलत्यांची हकीकत सांगावी तसे सांगता येत होते. संत म्हटला की त्याचे जगणे आधी आठवायचे, ही त्यांची रीत. आम्हाला मात्र संत अंतोनींची नोव्हेना तोंडपाठ होती आणि चरित्र ठाऊक नव्हते.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याच सुमारास आम्ही संत अंतोनींची तेरा मंगळवारांची भक्ती करीत होतो. कारण असे, की आम्ही एका नातलगाला व्याजाने काही रक्कम दिली होती. त्याचा धंदा बसला, व्याज थांबले आणि मुद्दलही येईना. कागद आमच्या कपाटात होता. हरवलेले मिळवून देणारे संत हेही मिळवून देतील, या भरवशावर आम्ही दर मंगळवारी मेणबत्ती लावीत होतो. त्यात काही वावगे आहे, असे आमच्या मनातही आले नव्हते.

घरी परतल्यावर आजोबांच्या प्रश्नाने स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून आम्ही संतांचे चरित्र वाचावयास घेतले. ११९५ साली लिस्बन येथे जन्मलेल्या या मुलाचे नाव फर्नांडो. तारुण्यात तो अगस्तिनियन संघात गेला. मोरोक्कोत धर्मासाठी प्राण वेचलेल्या पाच फ्रान्सिस्कन बंधूंचे अवशेष कोईंब्रा येथे आणले गेले, तेव्हा त्याचे मन हेलावले आणि १२२० साली तो फ्रान्सिस्कन झाला. हौतात्म्याची आस धरून तो मोरोक्कोला गेला. पण तेथे आजाराने अंथरूण धरले. परतीचे जहाज वादळाने सिसिलीला नेले. पुढे इटलीतील एका आश्रमात तो कोणाच्या नजरेत न भरता राहिला. १२२२ साली फोर्ली येथे ऐनवेळी त्याला प्रवचनास उभे करण्यात आले, तेव्हा त्याच्या विद्वत्तेची सर्वांना ओळख पटली. हरवलेल्या वस्तूंशी त्यांचे नाव जोडले गेले, ते त्यांची नाहीशी झालेली स्तोत्रांची पोथी प्रार्थनेनंतर परत मिळाली, या आख्यायिकेमुळे.

परंतु आम्ही थबकलो ते त्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षापाशी. १२३१ च्या उपवासकाळात संत अंतोनी पादुआत रोज प्रवचन करीत होते. सावकारीवर त्यांचा मोठा रोष होता. कर्ज फेडू न शकणाऱ्यास त्या काळी तुरुंगात टाकीत. १७ मार्च १२३१ रोजी पादुआ नगराने कायदा केला, की ज्याने आपली मालमत्ता धनकोंच्या स्वाधीन केली आहे, त्याला कर्जापायी बंदीत ठेवता येणार नाही. हा कायदा बंधू अंतोनींच्या विनंतीवरून होत आहे, अशी नोंद त्यातच आहे. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १३ जून रोजी, त्यांनी देह ठेवला.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. ज्यांनी ऋणकोंची तुरुंगातून सुटका केली, त्यांच्यापुढे आम्ही दर मंगळवारी वसुलीचा अर्ज ठेवीत होतो! तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा आहे. आखाडा बाळापूरच्या त्या आजोबांना पादुआची ही हकीकत सांगितली असती, तर संत अंतोनी त्यांना क्षणात आपले वाटले असते. कर्जाचा फास म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

मग संतांकडे मागूच नये काय? तसे म्हणणे उर्मटपणाचे होईल. संतांची मध्यस्थी मागणे चांगले व हितकारक आहे, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली स्पष्ट केले. आराधना केवळ परमेश्वराची. संत हे आपल्यासाठी त्याच्याकडे विनवणी करणारे आपले थोरले भाऊबहीण. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत कोणी मेणाचा हात वाहतो, कोणी मेणाचे बाळ, कोणी मेणाचे घर. त्या मेणात कोणाचे दुखणे असते, कोणाचे वांझपण असते, कोणाची बेघर जिणे असते. त्या मागण्याला हसणाऱ्याने माणसाची गरज पाहिलेलीच नाही.

तथापि मागणे हा भक्तीचा उंबरठा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात दोन गोष्टी सांगितल्या. पवित्रतेचे पाचारण धर्मगुरू व व्रतस्थ यांच्याइतकेच प्रापंचिकांनाही आहे, ही एक. आणि संतांची खरी भक्ती बाह्य उपचार वाढविण्यापेक्षा आपले प्रेम कृतीत उत्कट होण्यात आहे, ही दुसरी. मागण्याने आपल्या परिस्थितीत पालट व्हावा, अशी आपली इच्छा असते. संतांच्या मागे चालू लागलो, की पालट आपल्यात होऊ लागतो. म्हणूनच पहिले आपल्याला सोपे वाटते.

कोणी म्हणेल, ते संत, आपण संसारी. त्यांच्या मागे जाणे आपल्याला कसे झेपावे? याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे; वडील पोर्तुगीज, आई येथली. येशूसंघीयांच्या छायेत ते वाढले, त्यांच्याबरोबर जपानला गेले आणि तेथे त्यांनी धर्मशिक्षणाचे काम केले. त्या संघात प्रवेश मिळावा, ही त्यांची इच्छा मात्र फळाला आली नाही. ते व्यापारात पडले आणि तेथे त्यांचा जम बसला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन झाले. तेही पुरोहित म्हणून नव्हे, साधे बंधू म्हणून. जपानी भाषा येत होती, म्हणून १५९३ साली त्यांना दुभाषी करून पुन्हा जपानला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह ते क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ साली संतपदाला पोहोचले. नकार, दुकानदारी आणि दुसऱ्याचे बोलणे भाषांतरित करण्याचे काम, एवढ्याच सामग्रीतून त्यांची पवित्रता घडत गेली. अशी सामग्री कोणाच्या घरात नसते?

म्हणून आमची एक विनंती आहे. आपल्या मुलाला ज्या संताचे नाव दिले, आपल्या धर्मग्रामाचा जो आश्रयदाता संत आहे, त्याच्या सणापूर्वीच्या नऊ दिवसांत प्रार्थनेबरोबर त्याचे चरित्रही घरात वाचले जावे. आणि त्या चरित्रातील एक गोष्ट, लहानशी का होईना, त्या वर्षी आपल्या घरात घडावी. नऊ दिवसांची प्रार्थना दहाव्या दिवशी संपते. ही गोष्ट तेव्हा सुरू होते.

आमच्या कपाटातील कागदाचे काय झाले, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो फाडून टाकण्याइतके मोठे मन आम्हाला झाले नाही. पुष्कळ दिवस टाळाटाळ करून अखेर आम्ही त्या नातलगाकडे गेलो. व्याज सोडल्याचे सांगितले. मुद्दल जमेल तेव्हा द्यावे, न जमल्यास आमच्या दारावरून तोंड चुकवून जाऊ नये, एवढेच म्हणालो. तेरा मंगळवारांपेक्षा ते दहा मिनिटांचे बोलणे आम्हाला अधिक जड गेले. पुढच्या मंगळवारी मेणबत्ती लावली, तेव्हा मागण्यासारखे काही चटकन आठवेना. काही वेळ आम्ही त्या तसबिरीसमोर नुसतेच उभे राहिलो.