निवृत्ति आणि पुनरागमन

काम केव्हां सुरू करावें हें सांगणारे लोक जगांत पुष्कळ आहेत. तें केव्हां सोडावें हें सांगणारे थोडे. आणि एकदां सोडलेलें काम पुन्हा हातीं घ्यावें कीं नाहीं, या प्रश्नाचा शांतपणें विचार करणारे तर क्वचितच आढळतात. हा प्रश्न आमच्यापुढें आला तो एखाद्या ग्रंथांतून नव्हे, तर महाविद्यालयाच्या उपाहारगृहांत चाललेल्या विद्यार्थ्यांच्या वादांतून. सन २०२५ च्या मार्च महिन्यांतील ती गोष्ट. चहाचे पेले थंड होत होते व आवाज चढत होते. आम्ही जवळून जात असतां एकानें आम्हांस थांबवून विचारलें, "सर, तुम्हांला काय वाटतें? त्यांनीं परत यायला हवें होतें का?" घंटेची वेळ झाली आहे असें सांगून आम्हीं त्या वेळीं सुटका करून घेतली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्यास उशिरानें दिलेलें उत्तर होय.

वादाचा विषय सुनील छेत्री यांच्या पुनरागमनाचा होता. भारताच्या फुटबॉल-संघाचे हे आघाडीचे खेळाडू. राष्ट्रीय संघाकडून ९४ गोल केल्यावर ६ जून २०२४ रोजीं कोलकात्यास कुवेतविरुद्धचा सामना खेळून त्यांनीं त्या संघाचा निरोप घेतला. सामना गोलाशिवाय बरोबरीत सुटला. खेळाडू व प्रेक्षक या दोघांच्याहि डोळ्यांस पाणी आलें. पुढें २०२४ चें वर्ष संपलें, तरी त्या सबंध वर्षांत भारतीय संघास एकहि विजय मिळाला नाहीं. इकडे स्वतः छेत्री आपल्या बंगळूरच्या संघाकडून खेळतच होते, आणि त्या हंगामांत इतर कोणत्याहि भारतीय खेळाडूपेक्षां अधिक गोल करीत होते. अशा स्थितींत राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनीं त्यांस परत बोलाविलें, आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षीं ते परत आले.

मुलांतील एका पक्षाचें म्हणणें असें कीं, निरोप घेतला म्हणजे घेतला. ते अश्रु खरे होते, तर हें पुनरागमन खोटें ठरतें, आणि शिवाय एका तरुणाची जागा अडते. दुसरा पक्ष म्हणत होता कीं, मैदानावर जन्मपत्रिका पाहावयाची नसते, पायांतील कसब पाहावयाचें असतें. जो आजहि सर्वांत अधिक गोल करतो, त्याला घरीं बसविण्यांत कोणता न्याय?

यांपैकीं वचनभंगाचा आक्षेप आधीं निकालांत काढूं. निवृत्ति ही प्रतिज्ञा आहे काय? आपल्या परंपरेंत प्रतिज्ञेचा सर्वांत मोठा आदर्श भीष्मांचा. परंतु त्या कथेंतील एक प्रसंग आपण सहसा विसरतों. जिच्या पुत्रांसाठीं भीष्मांनीं राज्य सोडलें, त्या सत्यवतीनेंच दोन्ही पुत्र गेल्यावर त्यांस राज्य घेण्याची व वंश राखण्याची विनवणी केली. वचन जिच्यासाठीं दिलें, तीच तें परत करीत होती. भीष्म ढळले नाहींत. त्यांची सत्यनिष्ठा वंद्य खरी; पण पुढें कुरुकुलाची जी वाताहत झाली, तिचा विचार करतां शब्द राखणें आणि शब्दाचा हेतु राखणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हें मान्य करावें लागतें. खेळाडूचा निरोप ही तर प्रतिज्ञाहि नव्हे. तो आपल्या शक्तीविषयींचा स्वतःचा अंदाज असतो, आणि अंदाज चुकला असें प्रामाणिकपणें कबूल करण्यांत पाप नाहीं.

दुसरा आक्षेप वयाचा. त्यास उत्तर देण्यासाठीं पुणेकरानें दूर जाण्याचें कारण नाहीं. प्राध्यापक दि. ब. देवधर हे याच शहरांतील सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत. त्यांचा जन्म १८९२ चा. १९२६ सालीं एम्. सी. सी. च्या संघाविरुद्ध मुंबईस त्यांनीं १४८ धावा काढल्या. पण १९३२ सालीं भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर झाला, तेव्हां त्यांनीं चाळिशी गांठली होती, आणि त्या संघांत त्यांचें नांव नव्हतें. पंचांग पाहून निर्णय करणाऱ्यांच्या दृष्टीनें त्यांची कारकीर्द येथेंच संपावयास हवी होती. प्रत्यक्षांत त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदां रणजी करंडक जिंकला. १९४० सालीं मुंबईविरुद्ध त्यांनीं २४६ धावा केल्या, तेव्हां ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. आणि १९४४ सालीं, बावन्नाव्या वर्षीं, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनीं शतकें झळकाविलीं. नागपुरांत जन्मलेले सी. के. नायडू तर एकसष्टाव्या वर्षीं उत्तर प्रदेशाचें नेतृत्व करीत होते. तेव्हां वय हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

मग दुसरा पक्ष जिंकला म्हणावयाचें काय? आमच्या मतें नाहीं. देवधरांचें उदाहरण पुढें करणारे त्याचा अर्धाच भाग पाहतात. ज्या १९३९-४० च्या हंगामांत महाराष्ट्रानें प्रथम करंडक जिंकला, त्याच हंगामांत चोवीस वर्षांच्या विजय हजारे यांनीं महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. कप्तान देवधरच होते. पुढें १९५२ सालीं मद्रासला भारतानें पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हां भारताचे कप्तान हजारे होते. वडाखालीं दुसरें झाड वाढत नाहीं असें म्हणतात. पण तोच वड पारंब्या सोडतो, त्या जमिनींत रुजतात, आणि मूळ खोड पोकळ झालें तरी वृक्ष उभा राहतो. जुना माणूस जागा किती वर्षें अडवितो हा प्रश्न गौण आहे. त्याच्या पारंब्या जमिनीला टेकतात कीं अधांतरीं लोंबतात, हा खरा प्रश्न.

येथें एक तिसरें मत विचारांत घेतलें पाहिजे. कीर्ति शिखरावर असतांनाच माणसानें निघून जावें, असें सुज्ञ लोक सांगतात. १९५१ सालीं दिल्लीस विजय मर्चंट यांनीं इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढल्या. त्याच सामन्यांत खांद्यास दुखापत झाली, आणि तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. असा शेवट पाहावयास मोठा सुंदर वाटतो. परंतु सौंदर्य व कर्तव्य हीं एक नव्हेत. आपली तसबीर भिंतीवर डागाविना टांगलेली राहावी म्हणून जो काम टाळतो, तो निरिच्छ नसून तसबिरीचा लोभी असतो. उलट, अपयशाचा डाग लागण्याचा संभव दिसत असतांहि जो हाकेला ओ देतो, त्याच्या कृतींत एक प्रकारचा त्याग असतो, हें आम्ही मानतों.

परंतु हांक कोणी मारली, आणि कां मारली? वादांतील सगळी भाषा येणाऱ्याविषयीं होती. बोलावणाऱ्यांविषयीं कोणी अक्षर काढलें नाहीं. १९९० च्या विश्वचषकासाठीं कॅमेरूनच्या राष्ट्राध्यक्षांनीं अडतीस वर्षांच्या रॉजे मिला यांस परत आणविलें. त्यांनीं चार गोल केले आणि आफ्रिकेंतील संघ प्रथमच उपांत्यपूर्व फेरींत पोंचला. अशा कथा लोकांस फार आवडतात, कारण त्यांत संकट असतें, धांवा असतो आणि अवतार असतो. पण अवताराची वाट पाहण्याची संवय ही पुष्कळदां आळसाला मिळालेलें भक्तीचें नांव असते. छेत्री परतले; १९ मार्च २०२५ रोजीं शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यांनीं गोलहि केला, आणि भारतानें तो सामना तीन गोलांनीं जिंकला. सहाच दिवसांनीं त्याच मैदानावर बांगलादेशाविरुद्ध गोल कोणासच करतां आला नाहीं. ऑक्टोबरांत गोव्यांत मडगांवला सिंगापूरनें भारतास २-१ असें हरविलें आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. यांत त्या एका माणसाचा दोष शोधणें अन्यायाचें होईल. वैद्यानें नाडी धरून रोग दाखविला, इतकेंच झालें. वीस वर्षें गोल करण्याचें काम एकावर सोंपवून जे निश्चिंत राहिले, तो रोग त्यांचा होता.

आतां आमच्या घरचें बोलावें लागेल. नाहींतर हा सारा उपदेश परोपदेशे पांडित्य ठरेल. आम्ही नवे अध्यापक असतांना, आमचे एक वृद्ध गुरुजी सेवेंतून मोकळे झाल्यावर त्यांस पुन्हा बोलावण्यांत आलें. जो विषय आम्हांस मिळावयाचा, तो आणखी पांच वर्षें त्यांच्याकडे राहिला. त्यांच्या तासाला मागच्या बांकावर बसून आम्ही जें शिकलों, तें दुसरीकडे कोठेंहि शिकलों नसतों. आणि त्याच बांकावर बसून त्यांच्या खोकल्याचे दिवसहि मोजले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दुसरी लिहितांना हात अडखळतो.

आज आमची साठी तीन वर्षांवर आली आहे. मागील वर्षीं एका जबाबदार सहकाऱ्यानें सहज विचारलें, "पुढेंहि याल ना? तुमच्याशिवाय या विषयाचें चालत नाहीं." त्या वाक्यानें दिवसभर मन फुललें होतें. रात्रीं मात्र ध्यानीं आलें कीं, ज्याला आम्ही स्तुति समजलों, तो वस्तुतः आमच्यावरील ठपका होता. वीस वर्षें एक विषय शिकवून तो आमच्याशिवाय चालत नसेल, तर आम्हीं वीस वर्षें केलें काय? विभागांत एक तरुण अध्यापिका आहे. ती मागच्या बांकावर बसते कीं नाहीं, हें आम्हीं कधीं वळून पाहिलें नव्हतें. तिचें मत कोणी विचारलें नाहीं, आम्हींहि नाहीं. छेत्रींच्या वादांत जो तरुण खेळाडू बाहेरच्या बांकावर बसला असेल, त्याचेंहि मत उपाहारगृहांत कोणीं विचारलें नव्हतें. निवृत्तीचें वचन लोकांना दिलेलें असेल, तर लोक तें परत करूं शकतात. पण त्या निरोपावर विसंबून ज्यानें आपल्या आयुष्याचा बेत आंखला, त्याचा हक्क परस्पर सोडून देण्याचा अधिकार लोकांनाहि नाहीं आणि परतणाऱ्यालाहि नाहीं. परतण्यापूर्वीं निदान त्याच्यासमोर उभें राहिलें पाहिजे.

तेव्हां त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर असें: परत येण्यांत अधर्म नाहीं, वयांत तर नाहींच. बोलावणाऱ्यांनीं मात्र आपली हयगय त्या पाहुण्याच्या पाठीमागें लपवूं नये. आणि येणाऱ्यानें जागेवर बसण्याआधीं ती जागा कोणाची होणार होती हें विचारावें, व जातांना ती त्याच्या हातीं देऊन जावें.

पुढच्या सत्रांत आमच्या विषयाचे निम्मे तास त्या अध्यापिकेनें घ्यावेत, असें आम्हीं तिला सुचविलें आहे. मागच्या बांकावर आम्ही बसूं. तिनें अजून होकार दिलेला नाहीं. "सर, तुम्ही समोर बसलेले असतांना मला शिकवायला जमेल का, तेवढा विचार करूं द्या," असें ती म्हणाली. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर तिच्याइतकेंच आमच्याहि वागण्यावर अवलंबून राहील.