नव्वद दिवसांचा रहिवासी

उतारवयात माणसाने कोठे राहावे, या प्रश्नाला आपल्या पूर्वजांनी वन हे उत्तर देऊन ठेवले होते. प्रपंचाचे देणेघेणे मिटवून, कारभार मुलांच्या हाती सोपवून, जेथे आपला कोणावर आणि कोणाचा आपल्यावर तगादा उरत नाही अशा स्थळी जावे, हा त्या उत्तराचा आशय. युरोप-अमेरिकेतील जे निवृत्त गृहस्थ आज बँकॉकमध्ये बिऱ्हाड थाटून राहतात, त्यांनी अरण्याऐवजी एका महानगराची वर्दळ पत्करली असली, तरी त्यांचा शोध पुष्कळसा तोच आहे असे मला वाटते. आणि म्हणूनच त्यांच्या मद्यालयांतील सायंकाळींकडे पाहून नाक मुरडणारी सोवळी दृष्टी मला जितकी अपुरी वाटते, तितकेच त्यांच्या स्वच्छंद आयुष्याचे गोडवे गाणारे लेखनही अपुरे वाटते.

या वास्तव्याचा कायदेशीर पाया पाहण्यासारखा आहे. पन्नाशी गाठलेल्या परकीय माणसाच्या नावे बँकेत 8 लाख बाट शिल्लक असतील, किंवा त्याचे दरमहा उत्पन्न निदान 65,000 बाट असेल, तर थायलंडचे सरकार त्याला एक वर्षाच्या मुदतीने राहू देते आणि वर्ष सरताच नव्या दरखास्तीवर ती मुदत वाढवून देते. नोकरी करण्याची त्याला मुभा नाही. जमीन त्याच्या नावे होत नाही. सदनिका घेता येते, पण एका इमारतीतील 49 टक्क्यांहून अधिक क्षेत्र परकीयांच्या मालकीत जाऊ दिले जात नाही. आणि दर 90 दिवसांनी आपला राहता पत्ता त्याने सरकारदरबारी कळवावयाचा असतो. या अटी जाचक आहेत असे मी म्हणणार नाही, कारण आपली भूमी परक्या पैशापासून राखून ठेवण्याचा प्रत्येक देशाला अधिकार आहे. मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी: शिल्लक आणि पत्ता यांपलीकडे ते राज्य या माणसाकडे फारसे काही मागत नाही, त्याचे मत नको, श्रम नकोत, त्याचा अनुभवही नको. चाळीस-चाळीस वर्षे ज्याच्यावाचून कचेरीचे पान हलत नव्हते, त्याला हे न मागितले जाणे आरंभी मोक्षासारखे वाटते, आणि पुढे तेच असह्य होऊ लागते.

मग तो मद्यालयाकडे वळतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात रजेवर येणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी पॅटपाँगसारख्या गल्ल्यांना जे रूप दिले, ते युद्ध संपल्यावरही टिकले. सुखुमवित रस्त्यालगतच्या सॉय काउबॉय या गल्लीला तर 1970 च्या दशकात तेथे मद्यालय काढणाऱ्या एका निवृत्त अमेरिकन हवाईसैनिकाचेच टोपणनाव पडले आहे. तेथे पाऊल टाकताच कोणीतरी नावाने हाक मारते, नेहमीचे पेय न सांगता पुढे येते, कालच्या गुडघेदुखीची विचारपूस होते. एकाकी वृद्धाला या विचारपुशीचे मोल किती असते, हे ज्याने पाहिले आहे तो तिला खोटी म्हणण्याचे धाडस करणार नाही. परंतु ती विचारपूस करणारी स्त्री बहुधा ईशान्येच्या इसान प्रांतातील भातशेतीच्या गावाहून आलेली असते; तिकडे आईवडील असतात, कित्येकदा तिचे मूलही त्यांच्याकडेच वाढत असते, आणि महिन्याच्या महिन्याला तिला गावी पैसे धाडावयाचे असतात. म्हणजे ज्या कर्तव्यांतून सुटण्यासाठी हा माणूस समुद्र ओलांडून आला, नेमक्या त्याच कर्तव्यांनी बांधलेली ती त्याच्यासमोर उभी असते, आणि त्याची मोकळी सायंकाळ तिच्या बांधिलकीवर उभारलेली असते. या विषमतेचा विचार ज्याच्या मनाला शिवत नाही, त्याच्या स्वातंत्र्याविषयी मला आदर वाटत नाही.

रस्त्यांची गोष्ट वेगळी आहे. युरोपीय वकिलातींनी घोडागाडीतून फिरावयास रस्ते नाहीत, त्यामुळे आमची प्रकृती बिघडते, अशी तक्रार राजा मोंगकुटकडे केली आणि त्यातून 1861 ते 1864 या काळात चारोएन क्रुंग हा मार्ग बांधला गेला. तेव्हा परकीयाची फिरण्याची हौस या नगराच्या रचनेत पहिल्यापासून मिसळलेली आहे. पण हमरस्ता सोडून जो सॉयमध्ये, म्हणजे विषम क्रमांक एका अंगाला व सम दुसऱ्या अंगाला अशा मांडलेल्या उपगल्ल्यांमध्ये शिरतो, त्याला पुढे वाट खुंटलेली आढळते, आणि पुष्कळ दिवस पायपीट केल्यावर उमगते की या आंधळ्या गल्ल्या नगररचनाकाराच्या चुका नाहीत: कालव्यांच्या दरम्यान लांबट पट्ट्यांनी पसरलेली भातखाचरे जशी होती तशी विकली गेली, आणि बांधाच्या जागी रस्ता आला. पावसाळ्यात त्या गल्लीत पाणी का तुंबते, हेही मग कोणाला विचारावे लागत नाही. ज्ञानाचा हा प्रकार मद्यालयात मिळत नाही, कारण तेथे माणूस गिऱ्हाईक असतो. पायी चालणारा मात्र प्रथम कोणीच नसतो, आणि मग हळूहळू शेजारी होऊ लागतो.

हे होणे सोपे नाही. पाच स्वरांच्या चढउतारांवर अर्थ बदलणारी भाषा साठीनंतर शिकावयाची, तर रोज चुकण्याची तयारी हवी, आणि अधिकारपदावर आयुष्य घालवलेल्या पुरुषाला तीच जड जाते. परंतु ज्यांनी ती दाखवली, त्यांना नाक्यावर नारिंगी बंडीत बसणारे मोटारसायकलवाले आणि शेवयांच्या गाडीवरची म्हातारी, घरच्या वडीलधाऱ्याला घालावी तशी काका म्हणून साद घालू लागतात. आणि त्या नात्याबरोबर कर्तव्येही येतात: बाजूच्या घरात कोणी गेले तर विहारात रात्रीमागून रात्री चालणाऱ्या पठणाला हजर राहावे, रिवाजाप्रमाणे पाकिटात घालून मदतीची रक्कम द्यावी, न गेल्यास दुसऱ्या दिवशी कारण सांगावे. ज्या तगाद्यापासून तो पळाला, तोच परक्या भाषेत पुन्हा त्याच्या दाराशी येतो. काही जण त्या क्षणी गल्ली बदलतात. जे थांबतात, त्यांनाही दर 90 दिवसांनी कचेरीत आपला पत्ता कळवावा लागतोच, पण त्या पत्त्यावर आता त्यांची वाट पाहणारी आणि त्यांना जाब विचारणारी माणसे असतात.